पोर्टरांनी थांबायची जागा

काबागाम्बेनं आज सकाळी जे केलं ते कुठल्याही मुलानं आपल्या आईशी करू नये, असं न्यामिशानाचं मत होतं, आणि न्यामिशानाचं मत झालं की ते सहसा बदलत नसे. चुलीवर ज्वारीची पेज रटरटत होती. बाहेर अजून धड उजाडलं नव्हतं, धुकं दारापर्यंत येऊन बसलं होतं. मुलगा आत आला तो सरळ आलाच नाही. खांदे पाडून, वाकून, भिंतीच्या कडेकडेनं आला. बसला तोही तिरपा, तिच्याकडे ना पाठ ना तोंड. टोपलीतलं माठाचं एक पान उचलून कच्चंच चघळायला लागला. आणि मग तोंड न उघडता, घशाच्या पार तळातून त्यानं तो आवाज काढला. ह्म्म्. जरा थांबून पुन्हा, लांब ओढलेला, ह्म्म्म्ं. वीस वर्षं तो ज्यांच्यामागे जंगलात जात होता, त्या गोरिलांजवळ, एंगागींजवळ, जाताना काढायचा आवाज. मी आहे, मी वाईट नाही, घाबरू नकोस, मारू नकोस. न्यामिशानाच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तो तिनं फेकला. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि दारावर आपटला. "मी काय एंगागी आहे?" ती म्हणाली. "जनावर आहे मी तुझ्या लेखी?" काबागाम्बेनं पान गिळलं. "सवय गं आई," तो म्हणाला. "निघालं तोंडातून." आणि ज्यासाठी आला होता ते न बोलताच बूट चढवून, कोयता घेऊन धुक्यात गेला. सून कातुशाबेनं डाव उचलला, धुतला, आणि सासूच्या हातात दिला. तीही काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं. ह्या घरात सगळे न बोलण्यात तरबेज.

आता साडेनऊ वाजले होते आणि ती एका गोऱ्या बाईची पिशवी पाठीवर घेऊन डोंगर चढत होती, आणि तो आवाज अजून तिच्या कानातून निघत नव्हता. गेटवर रुहिंडा गाईडनं रोजचं भाषण दिलं होतं. आठ पाहुणे, रांगेत उभे, नवे कोरे बूट, हातात काठ्या. दहा पावलांचं अंतर ठेवा, तोंडावर मास्क ठेवा, बोटानं दाखवू नका, काही झालं तरी पळू नका. ते सगळं इंग्रजीतलं. न्यामिशाना दुसरीपर्यंतच शिकलेली, पण तेवढं भाषण तिला प्रार्थनेसारखं पाठ होतं. ज्याला सर्दी असेल, खोकला असेल, त्यानं आत्ताच हात वर करावा. आपला आजार त्यांना होतो आणि ते त्यातून उठत नाहीत. हे वाक्य आलं तेव्हा ती ओळीच्या शेवटी उभी होती, गालात आल्याचा तुकडा धरून. रुहिंडानं पाहुण्यांकडे पाहिलं. पोर्टरांकडे पाहिलं नाही. पोर्टरांचं बघायचं काम पोर्टरांच्या संघाचं, आणि संघाची चेअरमन ती स्वतः. नाव पुकारायचं तिनं, नाव वगळायचं तिनं. आज तिनं अकरा नावं पुकारली होती आणि स्वतःचं सर्वांत मोठ्यानं.

खोकला दोन महिन्यांचा होता. तो खोकला आहे असं ती मनातही म्हणत नसे. चुलीचा धूर. यंदाचा थंडीचा कडाका. छातीत, डाव्या बाजूला, जुन्या घागरीत पाणी हलावं तसं काहीतरी हले आणि वर यायला बघे. तेव्हा ती आलं चावून गिळायची, किंवा कुणाला तरी शिवी द्यायची. शिवी देताना खोकला निघाला तर तो शिवीतच खपून जाई. रात्री अंग घामानं भिजे. किटेंग्याची, अंगाला गुंडाळलेल्या त्या छापील कापडाची, गाठ कमरेवर आता वळसा देऊन बांधावी लागे. पण डोंगर ती अजून चढत होती आणि त्रेसष्टाव्या वर्षी चढत होती, आणि पुढं चालणारी ही गोरी बाई तिच्याहून दहा वर्षांनी लहान असूनही वाफ सोडत होती. बाईचं नाव हेल्गा. सकाळी तिला पोर्टर म्हणून न्यामिशाना दिली तेव्हा बाईचा चेहरा पडला होता. एवढ्या म्हाताऱ्या माणसावर ओझं कसं लादायचं, असं काहीसं ती रुहिंडाला म्हणाली आणि पिशवी स्वतःच खांद्याला लावू लागली. न्यामिशानानं तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली होती. "हिला सांग," ती रुहिंडाला म्हणाली, "हिच्या वयाच्या बायकांना मी कंबरेला धरून खाली आणलंय. दया दाखवायची तर स्वतःच्या गुडघ्यांना दाखव म्हणावं." रुहिंडानं इंग्रजीत काहीतरी दुसरंच गोड सांगितलं, आणि बाई हसली.

चढ कठीण होता. रात्रीच्या पावसानं लाल मातीचा लोण्यासारखा लगदा झालेला, आणि वाट म्हणजे काय, पुढच्या रेंजरनं कोयत्यानं पाडलेली फट. दोन्ही बाजूंना खाजकुयली, तिच्यावर वेली, वेलींवर शेवाळ. हेल्गाबाई घसरली की न्यामिशाना खालून तिच्या पार्श्वभागाला तळवा लावून वर ढकलायची. "पुश," ती म्हणायची. इंग्रजीतले तिचे जे दहाबारा शब्द होते त्यातला हा सर्वांत उपयोगाचा. मागून अपोफिया येत होती, तिची जन्माची मैत्रीण, एका लठ्ठ जोडप्याच्या दोन पिशव्या घेऊन. अपोफियाचं तोंड चढावरही बंद होत नसे.

"चेअरमनबाई, आज गप्पशा? पेजेत मीठ जास्त पडलं का?"

"तू बोलतेयस ना दोघींचं."

"सकाळी तुमच्या घरातून डाव उडाल्याचा आवाज आला म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"डावानं." अपोफिया खिदळली, आणि तिला धाप लागली तरी खिदळत राहिली. मग जरा वेळानं म्हणाली, "तो बिचारा भला आहे गं. पाहुण्यांना काय सांगतो माहीत आहे तुझ्याबद्दल? परवा आमच्या जर्मन पोराला सांगत होता, रुहिंडा हसून हसून लोळला. म्हणतो, नर छाती बडवत अंगावर आला तर काय करायचं हे मी प्रशिक्षणात नाही शिकलो. घरी शिकलो. आई रागावली की पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, मातीकडे बघायचं, आणि तोंडात काहीतरी चघळत बसायचं. आपोआप शांत होते."

न्यामिशाना थांबली. तिच्या बुटाखालची माती थोडी सरकली. हेल्गाबाईनं वळून पाहिलं. "ओके?" बाईनं विचारलं. "ओके," न्यामिशाना म्हणाली, आणि तेवढ्यात छातीतली घागर हलली, पाणी वर आलं, आणि तिनं ते दात आवळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाली ढकललं. बाई बघत होती. बाईचे डोळे निळे आणि नको तेवढे स्वच्छ होते. तिनं खिशात हात घातला, घशाच्या गोळ्यांची एक चपटी डबी काढली, त्यातली एक गोळी न्यामिशानाच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा चढायला लागली. न्यामिशानाला ती फेकून द्यावीशी वाटली. मग तिनं ती तोंडात टाकली. थंडगार, तिखट, परक्या देशाची चव. म्हणजे हिला कळलंय. सात समुद्रांपलीकडून काल आलेल्या बाईला कळलंय आणि ती गप्प आहे. मग घरात, एका भिंतीपलीकडे झोपणाऱ्या माणसाला कळलं नसेल?

आणि मग ते तिच्या डोक्यात उतरलं. अचानक नव्हे, चढताना धुकं पायाखाली राहतं आणि आपण वर आलोय हे उशिरा कळतं, तसं. तो काय बोलायला आला होता हे तिला सकाळीच माहीत होतं. डाव म्हणूनच फेकला होता. आवाजाचा राग होताच, पण हात उचलला तो आवाजासाठी नव्हे. पुढचं वाक्य येऊ नये म्हणून. ती चालत राहिली. नको म्हटलं तरी विचार पायांबरोबर चालत राहिला.

लहानपणी ह्या जंगलाला गेट नव्हतं. ती बापाबरोबर मधाला यायची, टोपल्यांसाठी वेली तोडायला यायची. एंगागी तेव्हा कुणी बघायला जात नसे. ते आपले तिकडे, आपण इकडे. वाटेत मोडलेला बांबू आणि ताजी लीद दिसली की बाप म्हणे, वडीलधारे पुढे गेलेत, आपण दुसऱ्या वाटेनं जाऊ. मग सरकारनं जंगलाला हद्द घातली आणि नवरा बिटारिहो एका रात्रीत लाकूडकाप्याचा चोर झाला. करवत परसात पुरून ठेवली त्यानं. त्यानंतर तो बसूनच राहिला, आणि बसल्याबसल्या खोकायला लागला. तोही लपवायचा. घरात नाही, केळीच्या बागेत जाऊन खोकायचा, खोडाला धरून. तिला ऐकू येऊ नये म्हणून. तिला ऐकू यायचं. रोज यायचं. ती चुलीपाशी बसून फुंकणीनं जाळ फुंकायची, गरज नसताना, मोठ्यानं. तिनं त्याला एकदाही विचारलं नाही. रागावली होती ती त्याच्यावर, बसून राहण्याबद्दल. वाटायचं, विचारलं तर तो आजारी ठरेल आणि मग राग कुणावर काढायचा? शेवटी गावातल्या बाप्यांनी त्याला एंगोझीत घातला, त्या विणलेल्या खाटल्यात, आणि चौघे चौघे आलटून पालटून खांदा देत दवाखान्याकडे निघाले. गावातल्या प्रत्येक घराचा त्या खाटल्याला एक खांदा बांधलेला असतो. आज तुझा माणूस, उद्या माझा. ती पुढं चालत होती, झुडपं बाजूला करत. तिसऱ्या डोंगरावर मागचा सूर बदलला. वाहणारे बाप्ये चालताना गातात. ते गाणं थांबलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तशीच पुढं चालत राहिली झुडपं बाजूला करत, कुणीतरी येऊन तिच्या खांद्याला हात लावेपर्यंत. आता त्याच खाटल्यात थकलेले पाहुणे बसतात, पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि गातात ते निराळं गाणं गातात. तिला त्याचं वाईट वाटत नाही. पण ती स्वतः त्यात कधी बसणार नाही, हे तिनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय.

काबागाम्बे तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बाप गेल्यावर चार महिन्यांनी तो माग काढणारा ट्रॅकर म्हणून लागला, आणि एका रानटी कळपाला माणसाची सवय लावायच्या टोळीत त्याला घातला. दोन वर्षं. रोज जायचं, शोधायचं, लांब बसायचं, आवाज काढायचा, पान चघळायचं. रोज तो मुतेगेकी नावाचा मोठा नर झाडं मोडत अंगावर यायचा आणि हातभरावर येऊन थांबायचा. पहिल्या आठवड्यात पोरगं विजार खराब करून घरी आलं होतं. ती हसली होती. शेजारणींना बोलावून हसली होती. तो कोपऱ्यात उभा राहून मातीकडे बघत होता. तोंडात काहीतरी चघळत होता का तेव्हा? तिला आठवेना. तिनं आठवायचा फार प्रयत्न केला. दोन वर्षांनी एक दिवस मुतेगेकी त्याच्याकडे पाठ करून झोपला, आणि हा घरी येऊन रडला. तेव्हाही ती म्हणाली होती, "तुझा बाप मेला तेव्हा नाही रडलास एवढा."

आणि क्यारिसीमा. क्यारिसीमा मध्येच का आठवावी? मागच्या हंगामात गेटवर क्यारिसीमाला एक शिंक आली होती. एक. न्यामिशानानं सगळ्यांसमोर तिला ओळीतून बाहेर काढली, तीन आठवडे नाव वगळलं. क्यारिसीमा विधवा, पदरात चार मुलं. हात जोडून म्हणाली होती, धुळीनं आली हो मुकाका, आजीबाई. "धूळ एंगागीला सांग," न्यामिशाना म्हणाली होती, आणि बायका हसल्या होत्या. बरोबरच केलं होतं. आजही तसंच करीन. फक्त आज. ती 'आज' ह्या शब्दापाशी आली आणि तिथून पुढं जाता येईना. गोळी तोंडात विरघळून गेली होती.

"स्टॉप," पुढून रुहिंडानं हात वर केला. रेडिओ खरखरला. ट्रॅकर जवळच होते. काबागाम्बेचा आवाज त्या खोक्यातून बारीक, परका येत होता. कळप खालच्या घळीत बसलाय, खातोय. रुहिंडानं पाहुण्यांना काठ्या ठेवायला सांगितल्या, पिशव्या ठेवायला सांगितल्या, मास्क चढवायला सांगितले. इथून पुढं पोर्टर नाहीत. अशी एक जागा प्रत्येक फेरीत येते. पोर्टरांनी थांबायची जागा. बावीस वर्षं न्यामिशाना ह्या जंगलात लोकांना एंगागी दाखवायला नेत होती आणि बावीस वर्षं ती त्या जागेपाशी पिशव्या राखत बसली होती. पाहुणे तासाभरानं परत यायचे, रडवेले, भारावलेले, न्यामिशानाला मिठ्या मारणारे, आणि ती त्यांचे बूट पुसायची. कुणी विचारलं तर सांगायची, "त्यात काय बघायचं? माझ्या घरी आहे की एक." विनोद होता तो. तिनंच केलेला. आणि मुलानं चोरलेला.

पाहुणे गेले. पोर्टर बसले. अपोफियानं रताळी सोडली. न्यामिशाना जरा बाजूला, एका आडव्या पडलेल्या खोडावर बसली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आलं संपलं होतं. तिनं किटेंग्याचा पदर तोंडाशी धरून दोनदा, बारीक, मांजरासारखं खोकून घेतलं. बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून भीती वाटली. आज घरी गेल्यावर त्याला विचारीन, काय सांगायला आला होतास. नको. विचारलं की तो सांगेल. उद्या विचारीन. उद्या रविवार, चर्चला जायचं. परवा. अशी ती दिवस पुढं ढकलत होती आणि तेवढ्यात तिच्यासमोरची खाजकुयली हलली.

वारा पडला होता. फक्त तेवढीच जाळी हलत होती. मग वास आला: ओल्या घोंगडीचा, घामाचा, धुराचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, कुस्करलेल्या पाल्याचं. अपोफियाचं रताळं तोंडाशीच थांबलं. "बसा," पोर्टरांपाशी थांबलेला रेंजर कुजबुजला. "कुणी हलू नका. कळप वळलाय." जाळी फाटली आणि त्यातून एक मादी आली, बघितलं न बघितलंसं करून, एखादी बाई बाजारातून घरी निघावी तशी. तिच्यामागे दुसरी. मग तो. मुतेगेकी आता म्हातारा झाला होता. पाठ मोठ्या नरांची असते तशी चांदीची नव्हे, राखेची वाटत होती, एक कान फाटलेला. तो पंधरा पावलांवर खाली बसला, एक वेल ओढली आणि खायला लागला. बावीस वर्षांनी. न्यामिशानाला काहीही सुचलं नाही. त्याचे हात बघून एवढंच वाटलं, बोटं आपल्यासारखी राबलेली आहेत.

मग ते पिल्लू आलं. कुठून आलं दिसलं नाही. खोडाच्या दुसऱ्या टोकाला एकदम उगवलं, दोन वर्षांचं असेल, केस पिंजारलेले, पोट पुढं. खोडावरून ते तिच्याकडे निघालं. पडलं, सावरलं, पुन्हा निघालं. हेल्गाबाईच्या पिशवीचा लाल पट्टा त्याला हवा होता. दहा पावलं नव्हती आता, चार होती. आणि तिच्या छातीत घागर हलली.

तिनं श्वास धरला. घळीच्या वरच्या कडेला कळपामागून पाहुणे आले होते, मास्कवरचे डोळे मोठे. त्यांच्यापुढे काबागाम्बे, गुडघ्यांवर. त्यानं आधी पिल्लाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा मास्कनं झाकलेला, पण डोळे उघडे होते, आणि त्यात आश्चर्य नव्हतं. त्याला माहीत होतं. आज सकाळपासून नव्हे, केव्हापासूनच. तो तिच्या खोकल्याची वाट बघत होता, जशी ती एकेकाळी चुलीपाशी बसून केळीच्या बागेतल्या खोकल्याची वाट बघायची. आणि त्याच्या घशातून तो आवाज निघाला, ह्म्म्, ह्म्म्म्ं, मुतेगेकीसाठी की तिच्यासाठी, हे सांगता आलं नसतं. पिल्लानं हात पुढं केला. त्याच्या नाकपुड्या ओल्या होत्या, माणसाच्या तान्ह्यासारख्या. तिनं पदर तोंडात कोंबला, दातांत धरला. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. घागर काठोकाठ आली होती. आता ती कुणाचंही ऐकणार नव्हती, चेअरमनचंही नाही.

काही झालं तरी पळायचं नाही. ती पळाली नाही. तिनं स्वतःला मागे सोडून दिलं. खोडावरून पाठीमागे, उतारावर, खाजकुयलीत. घरंगळली. काटे, दगड, ओली माती, आभाळ, माती. वर डोंगर फुटल्यासारखी एक गर्जना झाली, झाडं मोडली, कुणीतरी इंग्रजीत किंचाळलं. ती वीसेक हात खाली एका बुंध्याला अडकली, पालथी झाली, तोंड मातीत खुपसलं, पदर तोंडावर दाबला, आणि खोकली. दोन महिने जे गिळलं होतं ते सगळं. खोकता खोकता तिला वाटलं, आता बरगडी मोडणार. मोडली नाही. पदरावर लाल ठिपका होता, डाळिंबाच्या दाण्याएवढा. ती त्याकडे बघत राहिली. धुरानं हे होत नाही, हे तिला मोठ्यानं सांगायला तिथं कुणी नव्हतं.

वर हळूहळू शांत झालं. काबागाम्बे मध्ये पडला असावा. गर्जनेची गुरगुर झाली, गुरगुरीचं चघळणं झालं, मग झाडोरा वरच्या अंगाला हलत हलत लांब गेला. कळप निघून गेला होता. "घसरली हो, घसरली! वय झालं आता!" अपोफिया रुहिंडाला मोठ्यानं सांगत होती, मैत्रीण म्हणून खोटं बोलत होती. "मी म्हणतच होते, बूट झिजलेत तिचे!"

काबागाम्बे उतरून आला. चिखलानं माखला होता, कपाळावर ओरखडा. आला तो सरळ आला. पण तिच्यापासून चार हातांवर थांबला, आणि मग गुडघे मोडून खाली बसला आणि मातीकडे बघू लागला.

"लागलं का?"

"पिल्लू?"

"त्याला काही नाही. आई घेऊन गेली त्याची." मग म्हणाला, "खाटलं मागवू? पोरं अर्ध्या तासात येतील."

"मेलेय का मी?"

"नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

त्याचा हात जवळच्या पानाकडे गेला, आणि तिनं त्या हातावर चापट मारली. "तोंड रिकामं ठेव. कधीपासून?"

"तीन आठवडे," तो म्हणाला. "रात्री ऐकू येतं. कातुशाबेला त्याच्याही आधीपासून. दवाखान्यातल्या नर्सशी बोलून ठेवलंय मी. रोज म्हणायचो, आज सांगीन. सकाळी आलो होतो त्याचसाठी. मग तू बघितलंस माझ्याकडे आणि..." त्याचा आवाज त्या एकोणीस वर्षांच्या पोराचा झाला होता. "रुहिंडाला सांगितलं असतं तर तुझं नाव गेलं असतं. चेअरमनकी गेली असती. मला वाटलं, अपमान होईल तुझा."

न्यामिशाना बुंध्याला धरून उठली. खाजकुयलीनं हात-तोंड पेटलं होतं. तिला बिटारिहो दिसला नाही, क्यारिसीमा दिसली नाही. फक्त तो गुडघ्यांवर बसलेला, चाळिशीला आलेला, केसांत पांढरं दिसू लागलेला माणूस दिसला. तिनं पदराचा तो कोपरा उलगडून त्याच्यापुढं धरला, आणि त्यानं तो बघितला की नाही याची खात्री होईपर्यंत धरून ठेवला. वर, पिशव्यांपाशी, सगळे वाकून बघत होते. हेल्गाबाई, अपोफिया, रुहिंडा. बोलताना तिनं आवाज खाली आणला नाही.

"ऐक, काबागाम्बे. मी घाण केली ती केलीच. आजार घेऊन आले, माहीत असून आले. त्याचा न्याय संघ करेल, आणि मी तिथं तोंड उघडणार नाही. पण तुझा न्याय मी करते. तू मुतेगेकीपुढं उभा राहतोस आणि माझ्यापुढं नाही, हे भलेपण नव्हे, हा भित्रेपणा आहे. मी डाव फेकला असता, शिव्या दिल्या असत्या, गावात तुझी अब्रू काढली असती. काढू द्यायची होतीस! माझा अपमान झाला असता, चार दिवस. पण तू माझा मान राखलास आणि त्या पोराच्या नाकाशी मला नेऊन बसवलंस. हे भ्यायला मीच तुला शिकवलं, ते माझ्या माथी. आता ऊठ. वर जा, रुहिंडापुढं सरळ उभा राहा, आणि सांग, न्यामिशानाला छातीचा रोग आहे, ती आजपासून जंगलात येणार नाही. आणि काबागाम्बेही येणार नाही, तपासणी होईपर्यंत, कारण दोघं एका चुलीवर जेवतात. तुझंही नाव सांगायचं, कळलं? कुजबुजायचं नाही. मी इथंच उभी आहे. मला इथं खाली प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे."